प्रश्न तुमचे : नऊ माणसं, एक व्हॅन आणि आल्प्सचे घाट

प्रश्न : मे महिन्यात आम्ही तीन कुटुंबं, सहा मोठे आणि ४, ९ व १३ वर्षांची तीन मुलं, इटलीतलं मिलान ते ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक आणि परत अशी सहल करणार आहोत. गाडी स्वतःच चालवू. ९ सीटची व्हॅन भाड्यानं घ्यायचं ठरतंय. इथं आमच्याकडे इनोव्हा आहे, सोलापूर-गोवा नेहमीचं. काय काय पाहावं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी लायसन्स. युरोपात साध्या कारच्या लायसन्सवर, म्हणजे बी वर्गावर, ड्रायव्हर धरून ९ जणांची आणि ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणून तुमची व्हॅन नियमात बसते. इटलीत आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून अर्ज करा, फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्सही जवळ हवंच, नुसतं परमिट चालत नाही. पासपोर्ट आणि लायसन्सवरचं नाव आजच शेजारी ठेवून वाचा. फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो. आलटून पालटून चालवणाऱ्या दोघांचं परमिट काढा आणि गाडीच्या भाडेकरारात दोघांचीही नावं घाला. करारात नाव नसलेल्यानं गाडी चालवली आणि ठोकली, तर विमा हात वर करतो.

आता खरी अडचण, सामानाची. ९ सीट म्हणजे पुढे ३, मधे ३, मागे ३. तिसऱ्या रांगेच्या मागे उरते तेवढीच डिकी. आखूड मॉडेलमध्ये जेमतेम चार मोठ्या बॅगा मावतात. म्हणून बुकिंग करताना ‘लाँग व्हीलबेस’ असं लेखी मागा आणि लांबी ५.३ मीटरच्या आसपास आहे ना, ते विचारून घ्या. तरीही नऊ मोठ्या बॅगा मावणार नाहीत. हॉलमध्ये खडूनं डिकीएवढा, १ मीटर बाय १.३ मीटरचा चौकोन आखा आणि सगळ्यांच्या बॅगा त्यात रचून बघा. रास कमरेच्या वर गेली तर सामान कमी करा. छतापर्यंत रचलं की मागचं दिसत नाही आणि करकचून ब्रेक लागला तर वरची बॅग मागच्या रांगेतल्या माणसाच्या डोक्यावर येते. दोन जणांत एक मोठी बॅग आणि बाकी मऊ पिशव्या, असंच ठरवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचे डबेही त्याच हिशेबात धरा.

मुलांच्या सीट आधीच सांगून ठेवा. इटलीत १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतो, म्हणजे १३ वर्षांच्या मुलाचीही उंची मोजा. एक गोष्ट हमखास चुकते. सरकतं दार उजवीकडे असतं आणि मागच्या रांगेत जायला बहुतेक व्हॅनमध्ये त्या दाराजवळचीच सीट पुढे वाकवावी लागते. चाइल्ड सीट तिथं बांधली की मागच्या तिघांना प्रत्येक थांब्यावर तारेवरची कसरत. ती डाव्या खिडकीशी बांधा.

चालवताना इनोव्हाचा अंदाज उपयोगी पडत नाही. आरशांसकट रुंदी सव्वादोन मीटर, उंची जवळपास दोन मीटर. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी उंचीची पाटी असते. ती १.९० म्हणत असेल तर आत शिरू नका, कारण छताचं नुकसान साध्या विम्यात अनेकदा धरलेलं नसतं. घाटातल्या वळणावर मागचं चाक आतून कापतं, म्हणून पुढचं टोक थोडं उशिरा वळवा. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर गाडी धरा. नऊ माणसं आणि सामान घेऊन सतत ब्रेक दाबले तर ते तापून पकड सोडतात. टायरची हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या तक्त्यात ‘भरलेली गाडी’ या रकान्याप्रमाणे भरा. डावीकडे बसून उजव्या हातानं गिअर टाकायची सवय पहिल्या दिवशी रिकाम्या गाडीत करा, विमानातून उतरल्या उतरल्या नको.

इटलीतल्या जुन्या शहरांत झेडटीएल असतं, म्हणजे परवानगीच्या गाड्यांपुरता भाग. पांढऱ्या गोलाला लाल कडा, शेजारी कॅमेरा. पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ असेल तर कॅमेरा चालू आहे, आत जायचं नाही. परदेशी चालकाला दंडाची नोटीस ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते आणि भाड्याची कंपनी आपलं शुल्क वेगळं लावते. हॉटेल आत असेल तर त्यांना गाडीचा नंबर आधी कळवा, नोंद तेच करतात.

टोलनाक्यावर पिवळी ‘टेलीपास’ची, म्हणजे आपल्या फास्टॅगसारखं यंत्र असलेल्या गाड्यांची रांग टाळा. निळी रांग कार्डाची, पांढरी रोख पैशांची. ऑस्ट्रियात ब्रेनरच्या, म्हणजे सीमेवरच्या घाटाच्या ए-१३ रस्त्याचा टोल वेगळा असतो आणि पुढच्या ए-१२ महामार्गाला विनियेट, म्हणजे ठरावीक मुदतीचा महामार्ग पास लागतो. दुसऱ्या देशात गाडी नेणार हे करारावर लिहून घ्या. पंपावर इटालियनमध्ये डिझेल म्हणजे ‘गासोलिओ’, त्याची खूण चौकोनी. पेट्रोलची गोल. चुकून पेट्रोल पडलं तर इंजिन सुरू करू नका.

प्रश्न : आम्ही १२ जण आहोत. मिनीबस आपणच चालवावी का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नाही. नऊपेक्षा जास्त सीट असतील तर युरोपात डी-१ वर्ग लागतो आणि आपलं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स, त्यात धरलं जात नाही. दोन गाड्या घ्या, नाहीतर ड्रायव्हरसह बस ठरवा. बस ठरवली तर कार्यक्रम ड्रायव्हरच्या तासांवर बसवा. साधारण दिवसाला ९ तास गाडी चालवता येते, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबणं सक्तीचं आहे. पहाटेपासून रात्री बारापर्यंतचा आपल्याकडचा कार्यक्रम तिथं चालत नाही.

प्रश्न : भाड्याच्या गाडीच्या डिपॉझिटला फॉरेक्स कार्ड चालेल?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही. मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं आणि त्यावर मोठी रक्कम अडकवून ठेवतात. बँकेला सांगून परदेशी व्यवहार सुरू करून घ्या, मर्यादा तपासा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, छत, काच आणि चाकांच्या रिम यांचा सलग व्हिडिओ काढा. आधीचा ओरखडा कागदावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.