घरावर ३ किलोवॅटचं सोलर परवडतं का? आणि लाईट गेल्यावर त्याचा काही उपयोग होतो का?

दुसरा प्रश्न विचारलात म्हणून लिहायला बसले, नाहीतर सोलरवर लिहिणारे इथं ढिगानं आहेत.

मी परभणीची. आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं ऑनग्रिड आहे, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, नेट मीटरवालं (घेतलेली आणि उलटी दिलेली वीज दोन्ही मोजणारं), बॅटरी नाही. लाईट गेली की हे पण बंद पडणार हे बसवायच्या आधीच घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आमच्या धाकट्या भाऊजींना तर कागदावर काढून दाखवलं. त्यांचं मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळं वायरीचं जे काही असेल ते त्यांनाच कळतं असा घरात समज आहे.

तर महालक्ष्म्यांचा जेवणाचा दिवस. घर माणसांनी भरलेलं, पुरण मिक्सरला लावलेलं आणि लाईट गेली. बाहेर भाद्रपदातलं कडक ऊन. भाऊजी ओसरीवरून ओरडले, "काय वहिनी, सूर्य तर वर दिसायलाय, मग तुमचं सोलर कुठं गेलं?" झालं, सगळे हसायलेत. एक मावससासूबाई म्हणायल्या, इतके पैसे घातले त्यात दोन तोळं तरी आलं असतं. जिन्याखाली सोलरच्या इन्व्हर्टरवर लाल दिवा लागलेला, वर पॅनल उन्हात तापायलेत आणि युनिट शून्य.

मी पुरणाच्या हातानंच बाहेर आले आणि म्हटलं, भाऊजी, हा इन्व्हर्टर महावितरणच्या करंटला धरून चालतो. तिकडची लाईट गेली की यानं स्वतःहून बंद व्हायचं असं त्याला मुद्दामच केलेलं असतं. नाहीतर आपल्या गच्चीवरचा करंट उलटा तारेत जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन मरेल, चालेल का तुम्हाला? कुणी बोललं नाही. पुरण पुरणयंत्रातून हातानं काढलं, आणि मिक्सरपेक्षा चांगलं निघालं ते वेगळं.

पण भाऊजींना ते लागलं. दिवाळीत त्यांनी ओळखीच्या दुकानातून बॅटरीवालं बसवलं, ऑफग्रिड, लाईट गेली तरी चालणारं. सबसिडी नाही, कारण केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ग्रिडला जोडलेल्यालाच मिळते. पहिलं वर्ष जो येईल त्याला दाखवलं. आता लेड ॲसिडच्या बॅटऱ्या पार उतरल्यात, दोन पंखे आणि टीव्ही लावला की रात्री जेवणं व्हायच्या आत बीप बीप सुरू. नवीन सेट घ्यायचा म्हटलं की दुकानदार आकडा सांगतो आणि भाऊजी विषय बदलतात. शिवाय महावितरणचं बिल चालूच. मी तेव्हाच म्हणत होते, लाईट गेल्यावर दोन पंखे चालवायला साधा इन्व्हर्टर-बॅटरी पुरते, त्यासाठी सोलर कशाला? सोलर बिलासाठी बसवायचं.

आता तुमचा हिशोब. १ किलोवॅटला दिवसाला चारेक युनिट धरा, पावसाळ्यात कमी. म्हणजे ३ किलोवॅटला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. सबसिडी पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००, त्याच्या वर कितीही मोठं बसवा तेवढीच. ती नंतर खात्यात येते, आधी पूर्ण पैसे तुम्हालाच भरावे लागतात, आणि पॅनल डीसीआर म्हणजे भारतीय सेलवाले पाहिजेत. आमचं बिल उन्हाळ्यात कूलर-फ्रिजसकट तीन हजारांच्या पुढं जायचं, आता बहुतेक महिने स्थिर आकारच भरतो. चारेक वर्षांत पैसे निघतील, पॅनलची वॉरंटी २५ वर्षांची आहे. पण तुमचा वापर महिन्याला शंभर युनिटच्या आत असेल तर नादी लागू नका, तो दराचा स्लॅब तसाही स्वस्त आहे. बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात ते बघा, मग ठरवा. आणि जास्तीची वीज विकून पैसे कमवू असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजून वाटे लावा, वर्षाअखेर उरलेल्या युनिटला मिळणारा भाव अगदीच किरकोळ असतो.

अजून एक, मे महिन्यात ऊन जास्त म्हणून वीजही जास्त, असं सरळ नसतं. पॅनल तापलं की उत्पादन घटतं. त्यात आपल्याकडची धूळ, आणि ऐन उन्हाळ्यात टँकरचं पाणी पॅनलवर कोण ओतणार? मी सकाळी गार असताना ओल्या फडक्यानं पुसून घेते. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, तडकू शकते.

हे सगळं स्लॅबच्या घराचं सांगितलं. माळवदाचं, म्हणजे मातीच्या छताचं घर असेल किंवा शेजारच्या कडुलिंबाची सावली दुपारी गच्चीवर येत असेल तर आधी कुणाला तरी वर चढवून दाखवा. आणि दुकानदार कितीही ओळखीचा असू द्या, नेट मीटर बसून युनिट उलटे जायला लागेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. ओळखीत हे बोलायला जड जातं, आमच्या भाऊजींनाही गेलं होतं.