‘आर यू कन्व्हीनियंट?’ असं ती का विचारते?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, वाशीच्या ऑफिसात इम्पोर्टचं काम बघते, न्हावाशेवाला येणारे कंटेनर वगैरे. चीनच्या सप्लायरकडची मुलगी दर वेळी मेलमध्ये लिहिते, ‘आर यू कन्व्हीनियंट टुमारो?’ चुकतंय हे कळतं पण का ते सांगता येत नाही, आणि आता तिनेच विचारलंय, समजावून सांग म्हणून. काय सांगू?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, ती तिच्या भाषेतलं वाक्य जसंच्या तसं उचलतेय. चिनीत ‘नी मिंगथ्येन फांगब्येन मा’ असं विचारतात, शब्दाला शब्द लावला तर ‘तू उद्या सोयीचा का’, आणि तिकडे ते अगदी बरोबर आणि नम्र आहे. चिनीत तू आणि तुला दोन्हीला ‘नी’च, आपल्यासारखा ‘ला’ लागत नाही, मग सोयीचं कोण, माणूस की वेळ, हे वाक्यात वेगळं दिसतच नाही. आपण म्हणतो ‘उद्या तुम्हाला सोयीचं आहे का’, म्हणजे सोयीचा तो दिवस. इंग्लिशमध्येही तेच, ‘इज टुमारो कन्व्हीनियंट फॉर यू?’ आपला ‘ला’ तोच त्यांचा ‘फॉर’, म्हणून तर तिचं वाक्य तुमच्या कानाला खटकलं!

तिला सांगा, कन्व्हीनियंट म्हणायचं ते वेळेला, जागेला, वस्तूला, आणि माणूस ‘फॉर’नंतर. माणसाबद्दलच विचारायचं असेल तर सरळ ‘आर यू फ्री’. माणसालाच कन्व्हीनियंट म्हटलं की त्याला कामापुरता मामा असा वास येतो, आणि हे तिला नक्की सांगा कारण तिच्या मनात तसं काहीच नसतं.

फांगब्येन शब्द मला फार आवडतो. इन्स्टंट नूडल्सना तिकडे फांगब्येनम्येन म्हणजे सोयीचे नूडल्स म्हणतात, बाथरूमला जायचं असेल तरी लाजून हाच शब्द, आणि बौद्ध ग्रंथांत आपल्या ‘उपाय’ शब्दालाही हाच. कुमारजीव नावाच्या बौद्ध भिक्षूने इ.स. 406 मध्ये सद्धर्मपुंडरीक हे बौद्ध सूत्र चिनीत आणलं, त्यातल्या दुसऱ्या अध्यायाच्या, उपायकौशल्याच्या, नावातही फांगब्येनच आहे. हे तिला सांगून बघा, खूश होईल.

अजून एक, ‘आय ॲम डिफिकल्ट टू कम’ असं कधी आलं तर तीच गडबड, ‘मला येणं कठीण’मधला ‘ला’ हरवलाय. तोवर तिच्या प्रत्येक मेलला ‘येस, टुमारो इज कन्व्हीनियंट फॉर मी’ असं पूर्ण वाक्य लिहून उत्तर देत जा, नुसतं ओके नको.