पान का खोडलंस?

चतुर्थीची सुट्टी संपली की फोंड्यात माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, आईबाप ठरावीक प्रश्न घेऊन येतात. यंदा पहिली आई आली ती ओली छत्री मिटता मिटताच बोलायला लागली. "मॅडम, दहावीला ह्याला गणितात ९२ होते. अकरावीच्या पहिल्या परीक्षेत २६. सायन्स देऊन चुकलो का आम्ही? कॉमर्सला घालू?" मुलगा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) मोबाइलच्या कव्हरचा कोपरा सोलत बसला होता. "माझ्या लक्षातच राहत नाही," एवढंच म्हणाला.

अशा वेळी कल चाचणी पुढे करणं सोपं. पालकांनाही तेच हवं असतं, हातात छापील अहवाल पडतो. मी आधी वही मागते. बीएस्सीला गणित होतं, तेवढी शिदोरी पुरते.

लॉगची समीकरणं होती. लॉग म्हणजे लॉगॅरिदम: पाया १० असेल तर १०चा कितवा घात केला की ती संख्या मिळते, तो आकडा; म्हणून लॉग १० म्हणजे १. एक अख्खं पान तिरप्या रेघेनं खोडलेलं: लॉग (एक्स − १) + लॉग (एक्स + २) = १, पाया १०. मी ओळ न् ओळ वाचली. दोन लॉगांच्या बेरजेचा गुणाकाराचा एक लॉग केलेला, त्यातून (एक्स − १)(एक्स + २) = १०, मग वर्गसमीकरण, उत्तरं ३ आणि −४. कुठेही चूक नाही.

"पान का खोडलंस?"

"पुस्तकात मागे एकच उत्तर आहे, ३. माझी दोन आली."

"−४ घालून बघ."

लॉगच्या पोटात −५ आणि −२ आले. ऋण संख्येचा लॉग घेता येत नाही, हे त्याला पाठ होतं. मग हे −४ आलं कुठून? बराच वेळ गप्प बसला. मग स्वतःच म्हणाला, "दोन्ही मायनस, गुणाकार प्लस." −५ गुणिले −२ म्हणजे १०च की! दोन लॉग एकत्र केले की मायनस असा लपतो, म्हणून प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं. ३ घातले तर लॉग २ + लॉग ५, म्हणजे लॉग १०, म्हणजे १. त्यानं उत्तर काढलं होतं, फक्त −४ गाळायचं राहिलं होतं.

आई माझ्याकडे बघायची, मग वहीकडे.

खरी चूक पुढच्या पानांवर सापडली. लॉग (एक्स + २) चे त्यानं सरळ लॉग एक्स + लॉग २ केले होते, पाच ठिकाणी. बोट ठेवलं तर चिडला. "मी तपासलंय मॅडम. २ आणि २ घालून." मला हसू आवरेना. २ अधिक २ काय, २ गुणिले २ काय, ४च. नेमक्या त्या जोडीनं त्याचा चुकीचा नियम पास केला होता! म्हटलं, आता ३ आणि ५ घाल. लॉग ८ आला ०.९०३; लॉग ३ + लॉग ५ आला १.१७६, म्हणजे लॉग १५. मग त्याला सांगितलं की नेपियरनं १६१४ साली लॉग मांडले ते गुणाकाराचं ओझं बेरजेवर टाकायला. आतल्या बेरजेशी त्यांना देणंघेणं नाही. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. नियम तेवढे भिंतीवर चिकटवलेले.

आईला म्हटलं, ताई, कॉमर्सला जायचं तर आवडीनं जाऊ द्या, पळून नको. चक्रवाढ व्याजाची मुदत काढायची झाली तर तिथेही लॉग गाठतोच. सहामाहीपर्यंत थांबा.

तीन आठवड्यांनी तो एकटाच आला, बसवरून उतरून थेट. "मॅडम, लॉग एक्स² = २. पुस्तकात दोन उत्तरं आहेत, १० आणि −१०. माझं १० एकटंच." पान खोडलेलं नव्हतं. दुसऱ्या ओळीभोवती पेन्सिलीनं गोल होता, जिथे त्यानं २ लॉग एक्स = २ लिहिलं होतं.

"इथे सांडलं ना −१०?" त्यानं विचारलं.