कोणती भीती ठेवायची

बेटा,

तुझं पत्र मिळालं. "प्रथमोपचार शिकायचाय, पण भीती वाटते. काका, तुम्ही मुळातच धीट आहात, माझं तसं नाही," असं लिहिलंस. तुझ्या आईला विचार एकदा. मी आजही रक्ततपासणीला बसलो की मान भिंतीकडे फिरवतो. कृषी केंद्राच्या काउंटरमागे पंचेचाळिशी उलटली, तेव्हा कुठे हे शिकायला गेलो. वर्गात सगळी कॉलेजची पोरं. पहिल्या दिवशी त्यांनी मलाच प्रशिक्षक समजून नमस्कार केले.

तू सगळी भीती एकाच पोत्यात कोंबली आहेस. ती जरा निवडून बघ, कारण त्यातली काही टाकायची आहे आणि काही मुद्दाम जपून ठेवायची आहे.

रक्ताची भीती सर्वांत सोपी. चक्कर आली तर खाली बसायचं, कोणी हसत नाही. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरायचं काम हाती आलं की नजर कापडावर राहते. त्यावर एवढंच.

विषबाधेचं मात्र सविस्तर सांगतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारे मारताना शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा तू शाळेत असशील. मी तर ते डबे विकणारा माणूस. त्यावरचा त्रिकोण रोज नजरेखालून जायचा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण विष भिनलेला माणूस कसा दिसतो ते मी पाहिलं स्वयंसेवक झाल्यावर. वावराच्या धुऱ्यावर आडवा केलेला, पंप गळून शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडातून लाळ, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या आकसून टिंबाएवढ्या. घरचे मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या तयारीत. आणि एक आजी मला म्हणते, "काहून उभा आहेस भाऊ, हात लाव ना!"

हात थरथरत होते. पण काय करायचं ते पाठ होतं. कपडे बनियनसकट उतरवले. साबण आणि भरपूर पाण्यानं अंग धुतलं, केस आणि नखंसुद्धा. कुशीवर वळवलं. तोंडात काही घालू दिलं नाही. रिकामा डबा पिशवीत बांधून गाडीत ठेवला, कारण त्यावरचं नाव वाचून डॉक्टरांना उपचार ठरवायला सोपं जातं. ॲट्रोपिन, म्हणजे अशा विषावरचा उतारा, द्यायचं की नाही, किती द्यायचं, तो त्यांचा प्रांत.

मात्र हे सगळं जाड मोजे चढवून. दवाखान्यातले पातळ रबरी मोजे या औषधांपुढे टिकत नाहीत. ही भीती जपून ठेव. उघड्या हातानं गेलीस तर एका पेशंटचे दोन होतील. मोटारपंपाचा शॉक लागलेल्याला आधी लाइन बंद केल्याशिवाय शिवायचं नाही, ही भीतीही ठेव. रात्री हायवेवर धावत मधोमध जायचं नाही, हीसुद्धा.

गंमत अशी की वीज पडलेल्या माणसाला लोक शिवत नाहीत. अंगात करंट राहतो म्हणतात. राहत नाही. पुन्हा वीज पडेल अशा उघड्या जागी थांबायचं नाही हे खरं, पण त्याला ताबडतोब हात लावायचा. चारपाच जणांवर एकदम पडली तर कण्हणाऱ्यांना थोडं थांबव आणि जो मेल्यासारखा पडलाय त्याच्याकडे आधी जा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध तळहात रोवून दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ दे. बरगडी वाजली तरी थांबू नको. तोंडानं श्वास द्यायला शिकवतील, तो जमला तर द्यावा.

आता तू जे आडून लिहिलंस ते. पोरीनं परक्या पुरुषाच्या छातीवर हात ठेवला तर लोक काय म्हणतील? म्हणतील. दोन दिवस म्हणतील. आणि त्यांच्याच घरात प्रसंग आला की रात्री दोनला तुझंच दार वाजवतील. पोलिसांची भीती तर आता अडाण्यासारखी आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-ए कलम आलं. रस्त्यावरच्या अपघातात चांगल्या हेतूनं मदत करताना काही कमीजास्त झालं तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायचीही सक्ती नाही.

उरली ती मोठी भीती, "माणूस माझ्या हातात गेला तर?" जाईल. छाती दाबूनही पुष्कळदा माणूस परत येत नाही, हे तुला आत्ताच माहीत असलेलं बरं. मला सावरलं ते आपल्या कामाची हद्द कळल्यानं. मण्यारीचंच घे. जागलीला गेलेला किंवा घरात खाली निजलेला माणूस पहाटे म्हणतो पोट दुखतंय. पापण्या जड, बोलणं अडखळतं, अंगावर खूण सापडत नाही. साप कोणी पाहिलेला नसतो, म्हणून पान लागलं, म्हणजे साप चावला, असं कोणाच्या मनातही येत नाही. तिथं तुझं काम काय? ओळखायचं. जोडवी, अंगठी, पैंजण काढायचे. दोरी आवळू द्यायची नाही, ब्लेड लावू द्यायचं नाही. चालवायचं नाही, बाजेवर घालून आणायचं. सापाची लस दवाखान्यात आहे, तुझ्या पिशवीत नाही. श्वास थांबला तर मशीनही तिथंच. तुझ्याकडे फक्त मधला वेळ आहे.

भगताशी मात्र भांडत बसू नको. "बाबा, तुम्हीपण चला, मंत्र गाडीत म्हणा," असं म्हटलं की त्यांचा मान राहतो आणि गाडी निघते.

१०८ आपल्याकडे २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टरही असतो, पण पावसाळ्यात ती पांदणीत शिरत नाही. म्हणून फोनवर नुसतं गावाचं नाव सांगू नको. फाटा कोणता, नाल्याला पाणी आहे का, डांबरी कुठे संपते ते सांग, आणि एका पोराला मोबाईलचा उजेड दाखवायला फाट्यावर उभं कर.

आपत्तीत धावून जाणारे स्वयंसेवक तयार करायची सरकारची 'आपदा मित्र' योजना आहे, तिच्यात वयाची अट १८ ते ४० आहे. मी त्यात बसलोच नाही, तू बसतेस. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात चौकशी कर. तुकडी सुरू नसेल तर रेड क्रॉसचा प्रथमोपचाराचा वर्ग कुठे भरतो ते विचार. आपदा मित्राचं प्रशिक्षण १२ दिवसांचं असतं. पोरगी इतके दिवस बाहेर म्हणून बाबा कुरकुरतील, त्यांच्याशी मी बोलतो. तू शेवटचा पेपर कधी आहे तेवढं कळव. पोळ्याच्या आत शिकून झालेलं बरं, त्यानंतर आपल्याकडे फवारे जोरात असतात.

तुझा,
कृषी केंद्रवाले काका