गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडतं

प्रश्न : पेंचच्या पाण्यात आमची डिझेल बोट आहे, सकाळी ऑइल प्रेशर ४५ पीएसआय (प्रेशरचं माप) दाखवते अन् तासाभरानं आयडलवर (रेस न देता) काटा ८ वर येतो. इंजिन खोलायचं का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : थांबा भाऊ, खोलायची घाई नका करू. आधी डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढून तेल बोटावर घ्या, पातळी वर चढलेली अन् डिझेलचा वास येत असेल तर डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, मग इंजिन चालवूच नका. वास नसेल तर सेंडर (प्रेशर मोजून वायरीतून काट्याला कळवणारा सेन्सर) काढून तिथं मेकॅनिकल गेज (वायरीशिवाय थेट प्रेशर दाखवणारं) लावा, ओलाव्यानं वायर गंजून काटा खोटं बोलतो हे लय वेळा पाहिलंय. गेजवरही गरम इंजिनात दर हजार आरपीएमला (मिनिटाला हजार फेऱ्यांना) १० पीएसआयच्या आसपास मिळत नसेल तर मात्र रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा), ऑइल पंप, बेअरिंग बघा. अन् हो, ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच (जाडीचंच) भरलंय ना?