मोळी सुटली पाहिजे

प्रश्न: मॅडम, मी बीड जिल्ह्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेवर आहे, दुसरी-तिसरी माझ्याकडं. शाळेत गणित पेटी आहे पण ती कपाटात, कारण एखादा ठोकळा हरवला तर डेडस्टॉकला (शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत) काय दाखवायचं असं आमचे मुख्याध्यापक म्हणतात. मग मीच आइस्क्रीमच्या काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे केले. लेकरं काड्यांवर सगळं बरोबर करायलेत, पण वहीत ५२ वजा २७ दिलं की निम्मा वर्ग ३५ लिहायला. मग ह्या साहित्याचा उपयोग तरी काय, का नुसता टाइमपास?

उत्तर: सर, पेटीचं आधी. हरवण्याच्या भीतीनं बंद ठेवलेली पेटी आणि नसलेली पेटी यात काही फरक नाही. एक करा, पेटी उघडताना आणि ठेवताना मोजायचं काम तिसरीतल्या दोन लेकरांना द्या, रोज. मणी हरवायचे कमी होतात आणि शंभरापर्यंत मोजणं फुकटात होतं. तरीही मुख्याध्यापक ऐकेनात तर राहू द्या पेटी, आपल्याकडं चिंचोके आणि तुराट्या कुठं कमी आहेत.

आता ३५ चं. हे ३५ कुठून येतं तर लेकरू एककाच्या घरात ७ आणि २ बघतं, मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच त्याला पाठ असतं, म्हणून ७ मधून २ गेले ५, मग ५ मधून २ गेले ३. त्याच्या हिशोबानं ते बरोबरच आहे. काड्यांवर मात्र असं होत नाही, कारण समोर ज्या दोनच सुट्ट्या काड्या आहेत त्यातून सात कशा देणार.

माझीच एक चूक सांगते. नवीन होते तेव्हा गठ्ठे सारखे सुटतात म्हणून मी वैतागून सगळ्या गठ्ठ्यांना सेलोटेप गुंडाळला, दिसायला एकदम भारी, अधिकारी आले तर दाखवायला छान. आणि वजाबाकी घेतली. एक पोरगं, आईबाप ऊसतोडीला जायचे, नुकतंच कारखान्यावरून परत आलेलं, ते गठ्ठा हातात घेऊन नुसतं बसलं. मी विचारलं काय झालं रे, तर म्हणालं, "बाई, ही मोळी सुटतच नाही, मग सात कुठून देऊ?" त्याला दशक, हातचा, उसना काही माहीत नव्हतं, पण वाढ्यानं (उसाच्या हिरव्या शेंड्यानं) बांधलेली मोळी त्यानं रोज बघितलेली. अख्खी वजाबाकी त्या टेपखाली मी दाबून टाकली होती, ते माझ्या लक्षात त्यानं आणून दिलं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात दशकाला मोळीच म्हणतात आणि रबर लावायचं ते सैल.

तुमचे गठ्ठे सुटतात असं धरून चालते. तरी वहीत चुकतंय, कारण काड्या वेगळ्या तासाला आणि वही वेगळ्या तासाला चालू असणार. लेकरासाठी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडीनं बसवा, एकानं काड्या हलवायच्या, दुसऱ्यानं तेवढंच लिहायचं, एक हालचाल एक खूण. ५ मोळ्या, २ सुट्ट्या. एक मोळी सोडली, लगेच वहीत ५ खोडून ४, आणि २ च्या जागी १२. १२ मधून ७ दिल्या ५ उरल्या, ४ मोळ्यांतून २ दिल्या २ उरल्या, २५. मग मध्येच थांबवून विचारायचं, हा ४ कुठून आला? उत्तर "मोळी सोडली" असं आलं पाहिजे, "उसना घेतला" असं आलं तर समजा पाठ केलंय. (उसना घेतला की परत द्यावा लागतो, इथं कोण परत देतं? हा शब्दच मला पटत नाही.) आठ-दहा दिवसांनी काड्या डब्यात ठेवा, झाकण लावा, आणि डब्यात काय झालं असेल ते सांगायला लावा.

अजून एक, पेटीतले दशमान ठोकळे काड्यांच्या नंतर. झोल्टान डीन्स या गणितज्ञाच्या नावानं ते ओळखले जातात. त्यातली दहाची दांडी सुटत नाही, ती देऊन दहा सुटे घ्यावे लागतात, म्हणजे सोडणं जाऊन बदलणं आलं. नोटा त्याच्याही पुढं, कारण दहाची नोट एक रुपयाच्या दहा नाण्यांएवढी दिसत पण नाही, तिथं सगळा विश्वासाचा मामला. आपण बहुतेक वेळा सुरुवातच खोट्या नोटांनी करतो.

आणि एकोणतीस ला लेकरं ३९ लिहीत असतील तर रागवू नका, ऐकायला तीसच येतं ना. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात "वीस नऊ" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, तुम्हाला आठवत असेल. मला दोन्ही चालतं. तीन मोळ्या ठेवा, एक सोडून एकच काडी काढून घ्या. एकोणतीस म्हणजे काय ते समोर दिसतं.

प्रश्न: ताई, मी लातूरहून. मुलगी पाचवीत. अपूर्णांक मी तिला भाकरी मोडून शिकवले, अर्धी, पाव सगळं येतं. पण १/२ + १/३ दिलं की २/५ लिहिते. भाकरीचे पण तुकडे करून झाले.

उत्तर: भाकरी अर्धी आणि पाव पर्यंत ठीक, तीन सारखे भाग भल्याभल्यांना जमत नाहीत. कागदाची १२ सेंटिमीटरची पट्टी कापा, अशा चार-पाच. अर्धी म्हणजे ६, एक तृतीयांश म्हणजे ४, दोन्ही शेजारी ठेवा, १० झाले. बारातले दहा, म्हणजेच ५/६. आता तिलाच विचारा तुझे २/५ म्हणजे किती? ४.८ सेंटिमीटर. म्हणजे अर्ध्यात भर टाकली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं! इथं ती स्वतःच हसेल, तुम्ही काही बोलू नका. पट्ट्या सगळ्या सारख्याच लांबीच्या पाहिजेत मात्र. लहान भाकरीची अर्धी आणि मोठीची पाव, यात मोठी कुठली हा वाद आमच्या वर्गात एकदा मधली सुट्टी संपेपर्यंत चालला होता.

प्रश्न: सातवीची पोरं (अ + ब)² चं उत्तर अ² + ब² लिहितात. मोठ्या वर्गाला साहित्य वापरलं तर पोरं हसतात. — एक शिक्षक, परभणी

उत्तर: हसू द्या. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं १३ सेंमी बाजूचा चौरस काढायला लावा, बाजूचे १० आणि ३ असे भाग पाडून आडवी-उभी रेघ. कापले की चार तुकडे, १००, ९, आणि ३० च्या दोन पट्ट्या. पोरांचं उत्तर १०९, खरं १६९, राहिलेले ६० त्या दोन पट्ट्यांत. (१० − ३)² ला पण हेच उलटं करता येतं, १० च्या चौरसातून दोन बाजूंच्या पट्ट्या गेल्या की कोपरा दोनदा वजा होतो म्हणून ९ परत मिळवायचे, ४९. पण पदं ऋण आली की कागद हात टेकतो, उणे तीन लांबीची बाजू कोण कापणार, तिथं ओढूनताणून मॉडेल करू नका, सरळ फळ्यावर या. आणि ते तुकडे फेकू नका, पुढच्या वर्षीच्या सातवीला जोडायला द्या.