चित्रकला शिकायला नॉर्वेचा चित्रकार मुंक याच्या 'द स्क्रीम' (किंकाळी) या चित्राची नक्कल करावी का? सुरुवात कुठून करू?

जरूर करा. मी नकला करतच रंगवायला शिकलो, आणि नवशिक्यासाठी हे चित्र मला फार मोलाचं वाटतं. शरीररचना अचूक यायलाच हवी, अशी यात अट नाही.

फक्त चेहऱ्यापासून सुरुवात करू नका, बहुतेक जण तिथेच अडकतात. आधी चित्राचा सांगाडा बघा. पुलाचा कठडा सरळ, तिरपा, मागे धावणारा; लांबची दोन माणसंही ताठ. उलट आकाश, फ्योर्डचं (समुद्राच्या अरुंद खाडीचं) पाणी, किनारा आणि पुढची आकृती हे सगळं वळणांचं. आकृतीच्या अंगाचा बाक किनाऱ्याच्या वळणाशी जुळतो, म्हणून ती त्या निसर्गात ओढली जातेय असं वाटतं. अस्वस्थता या सरळ आणि वाकड्या रेषांच्या झटापटीत आहे. चेहरा कोरा ठेवलात तरी ती जाणवते, करून बघा!

मुंकने हा विषय पुन्हा पुन्हा हाताळला. १८९३ चं रंगचित्र ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, पण १८९५ चा लिथोग्राफही (दगडावर रेखाटून छापलेलं चित्र) शोधा. त्यात रंग नाही, नुसत्या काळ्या रेघा. पहिली नक्कल त्याचीच करा, पेन्सिलीने किंवा कोळशाने, वहीच्या पानाएवढी.

मग रंग. मूळ चित्र पुठ्ठ्यावर आहे, तैलरंग, टेंपेरा (पाण्यात मिसळणाऱ्या चिकट माध्यमातला रंग) आणि पेस्टल (रंगीत खडू) वापरून, आणि कित्येक जागी पुठ्ठा उघडा दिसतो. म्हणून तुम्हीही पांढऱ्या कॅनव्हासऐवजी तपकिरी पुठ्ठा घ्या. ॲक्रिलिक लावणार असाल तर मागच्या बाजूलाही पातळ हात मारा, म्हणजे तो कमी वाकतो. काळा रंग बाजूलाच ठेवा. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून मिळणारा गडद रंग शेजारच्या नारिंगीला जास्त उठाव देतो. आकाशातले पट्टे सलग, खांद्यापासून हात फिरवून ओढा. नारिंगी आणि निळा ओले असताना एकमेकांत घोळले की चिखल होतो, तेव्हा एक रंग आधी वाळू द्या. लहान ब्रश शेवटीच, तोही डोळ्यांपुरता. चेहरा हुबेहूब नाही आला तर खाडाखोड करत बसू नका.

ही नक्कल झाली की दुसरा पुठ्ठा घ्या. कठडा आणि वळणं तीच ठेवा, पण आकाश थंड हिरवट करा किंवा आकृती पाठमोरी उभी करा. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून भाव कुठे बदलला ते शोधा. माझा हात खरा मोकळा झाला तो या दुसऱ्या चित्रात.